पक्की नोकरी नावाची गोष्ट: पंचकार्डपासून हिंजवडीपर्यंत

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेले "म्हणजे", "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात रोज निघत असणार. "सॉफ्टवेअरमध्ये आता काही राहिलंय का?" हा काकांचा प्रश्न. "एकदा मोठ्या कंपनीत चिकट, मग बघू" हा आईचा सल्ला. आणि रात्री साडेबाराला मोबाईलवर ले-ऑफच्या बातम्या स्क्रोल करत पडलेले आपण.

मी कोड लिहून पोट भरते, इतिहासकार नाही. पण "पक्की नोकरी" ही कल्पना आपल्या क्षेत्रात आली कुठून, हे शोधायला लागले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपले आईवडील ज्याला आयटीची पक्की नोकरी म्हणतात, ती गेल्या पन्नास-साठ वर्षांत तीन-चार वेळा तुटली आणि दरवेळी नव्या जागी पुन्हा तयार झाली. मग दरवेळी टिकलं काय? आज तेच बघू. हेडफोन लावा, चहा घ्या, सुरू करूया.

जेव्हा कॉम्प्युटर म्हणजे नोकरी खाणारा राक्षस होता

आज आपल्याला वाटतं की कॉम्प्युटर नोकऱ्या द्यायचा आणि आता एआय खायला आलंय. पण सुरुवात उलटी होती. १९६० च्या दशकात कलकत्त्यात एलआयसीच्या कर्मचाऱ्यांनी ऑफिसात कॉम्प्युटर बसू नये म्हणून मोठं आंदोलन केलं. बँकांमधल्या युनियनचाही कडवा विरोध होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: शंभर कारकुनांचं काम एक मशीन करणार असेल, तर त्या शंभर घरांचं काय?

सरकारलाही हा प्रश्न टाळता येईना. मग ऑटोमेशनवर एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष कोण? आपल्या पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. नीलकंठ रथांबरोबर भारतातल्या गरिबीवर गाजलेला अभ्यास केला, तेच दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ साली आला. म्हणजे "मशीन नोकऱ्या खाणार का?" हा प्रश्न या देशात अधिकृतपणे विचारला गेला त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली.

आणि गंमत म्हणजे त्याच काळात, त्याच मुंबईत काही मोजकी माणसं त्या मशीनवर काम करून पगार घेत होती. टीआयएफआरमध्ये आपल्याच लोकांनी बांधलेला 'टिफ्रॅक' हा कॉम्प्युटर १९६० पासून चालू होता. १९६८ मध्ये टाटांनी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस, सुरू केली. पुढच्याच वर्षी टाटांच्याच वीज कंपनीतले इंजिनिअर फकीरचंद कोहली तिथे आले. सुरुवातीची कामं कसली? टाटांच्या कंपन्यांसाठी पंचकार्डावर हिशेब. बँकेच्या एका शाखेचे व्यवहार दुसऱ्या शाखेच्या वहीशी जुळवून देणं. आजच्या भाषेत एकदम बोअरिंग बॅक-ऑफिस. पण ते काम थांबलं असतं तर बँकेचा ताळेबंद लागला नसता.

हा मुद्दा डोक्यात ठेवा, आपण परत परत इथेच येणार आहोत.

सगळ्यात पक्की कंपनी देश सोडून जाते

सत्तरच्या दशकात कॉम्प्युटरमधली सगळ्यात भारी नोकरी कुठली, असं विचारलं असतं तर उत्तर एकच होतं: आयबीएम. भारतातले बरेचसे कॉम्प्युटर आयबीएमचेच होते आणि तेही भाड्याने दिलेले. मशीन त्यांचं, दुरुस्ती त्यांची, माणसं त्यांची.

मग १९७३ चा फेरा कायदा आला. परदेशी कंपन्यांनी भारतातल्या कंपनीत आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायचा. जनता सरकारच्या काळात उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी यावर ताठर भूमिका घेतली. आयबीएमला हिस्सा सोडायचा नव्हता, आणि १९७८ साली ती भारतातून गेली. परत आली ती १९९२ मध्ये, टाटांबरोबर भागीदारी करून.

विचार करा. त्या काळात आयबीएममध्ये असलेल्या माणसाच्या सासुरवाडीत त्याचं काय वजन असेल! आणि एके दिवशी कंपनीच देशात नाही. मंदी नाही, परफॉर्मन्सचा प्रश्न नाही, कोणी वाईट कोड लिहिला म्हणूनही नाही. एक कायदा, एक राजकीय निर्णय, आणि विषय संपला.

पण कॉम्प्युटर तर इथेच होते ना? ते चालू कोण ठेवणार? त्यासाठी कम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, ही सरकारी कंपनी होती. तिने आयबीएमच्या मशीनची देखभाल हातात घेतली. वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन सांभाळता सांभाळता ही माणसं तयार झाली, आणि याच सीएमसीने १९८५-८६ च्या सुमारास नवी दिल्लीत रेल्वेचं कॉम्प्युटरवरचं आरक्षण उभं केलं. त्याआधी आरक्षण म्हणजे जाडजूड रजिस्टर, वेगवेगळ्या गाड्यांच्या वेगवेगळ्या खिडक्या, आणि पहाटेपासून रांग.

आता पुढचं ऐका. सीएमसीही आज नाही. २००१ मध्ये सरकारने तिचा मोठा हिस्सा टाटांना विकला आणि २०१५ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली. पाटी गेली. पण गणपतीला कोकणात जायचं तिकीट काढायला तुम्ही जे बटण दाबता, त्यामागचा सिलसिला तिथपासून चालत आलाय. कंपन्या बदलल्या, मशीन बदललं, भाषा बदलली. लोकांना गाडीत जागा हवी, ही गरज मात्र एक दिवसही थांबली नाही.

दुसऱ्याचा कोड वाचणारी पिढी

भारतातून सॉफ्टवेअरचं काम बाहेर पाठवण्याची सुरुवात १९७४ च्या आसपासची. टीसीएसला बरोज या अमेरिकन कंपनीकडून काम मिळालं. काम काय, तर हॉस्पिटलसाठी लिहिलेलं एक पॅकेज बरोजच्या एका प्रकारच्या कॉम्प्युटरच्या कोबोलमधून दुसऱ्या प्रकारच्या कोबोलमध्ये आणायचं. नवीन काही शोधायचं नव्हतं. कोणीतरी आधी लिहिलेलं समजून घ्यायचं आणि ते दुसरीकडे चालतं करायचं.

हेच आपल्या अख्ख्या उद्योगाचं बीज आहे. आपल्याकडे मशीन कमी, परकीय चलन कमी, आयातीची परवानगी मिळायला महिनोन् महिने. त्यामुळे जे मशीन मिळेल त्यावर, ज्याने कोणी लिहिलाय त्याचा कोड समजून घेणं ही सवयच पडली.

१९८१ मध्ये पटनी कॉम्प्युटर्स सोडून बाहेर पडलेल्या सात जणांनी पुण्यात इन्फोसिस सुरू केली. सुधा मूर्तींनी दिलेल्या १० हजार रुपयांची गोष्ट तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल, म्हणून ती सोडते. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. पटनीसारखी बरी चाललेली कंपनी सोडताना या सात जणांकडे स्वतःचा कॉम्प्युटरही नव्हता. होतं ते काम येणारे हात आणि न्यूयॉर्कमधला एक क्लायंट.

आता पुरवठ्याकडे बघू, कारण नोकरीला माणसंही लागतात. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. डोनेशन, दर्जा, शिक्षणसम्राट यावर वेगळा भाग करता येईल, आणि करूच. पण त्या निर्णयामुळे सांगलीची, लातूरची, जळगावची मुलं घराजवळ इंजिनिअर व्हायला लागली. १९९१ मध्ये एसटीपीआय आलं, सॉफ्टवेअर निर्यातीला सवलती आणि सॅटेलाइटची लाइन मिळाली. पुण्यात सी-डॅकचा डॅक कोर्स करून मेकॅनिकल-सिव्हिलची मुलंही कोडिंगकडे वळली. कोणाचे तरी दादा, कोणाची तरी मावशी "कॉम्प्युटर कोर्स" करून अमेरिकेला गेली, ती याच काळातली.

दोन आकड्यांनी दिलेल्या नोकऱ्या

आणि मग आलं वायटूके. आपल्यातले बरेच जण तेव्हा शाळेतही जात नव्हते, म्हणून थोडक्यात सांगते.

जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहायचे. १९६५ म्हणजे ६५. का? कारण पंचकार्डावर जागा ८० रकान्यांचीच असायची आणि मेमरी सोन्याच्या भावाची. दोन आकडे वाचवणं हा तेव्हा शहाणपणा होता. पण ९९ नंतर येणार ००. मग ६५ साली जन्मलेल्याचं वय काढायला प्रोग्रॅम शून्यातून ६५ वजा करणार आणि उत्तर येणार उणे ६५. विमा, पेन्शन, कर्जाचे हप्ते, सगळीकडे हाच घोटाळा.

हे दुरुस्त करायला कोट्यवधी ओळींचा कोबोल वाचणं भाग होतं. अमेरिकेतल्या तरुण इंजिनिअरांना तेव्हा इंटरनेट कंपन्यांची ओढ होती, या जुनाट कोडकडे बघायची त्यांची तयारी नव्हती. आपल्याकडची मुलं बसली. रात्र रात्र बसली. अमेरिकेनेही एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजार आणि मग १ लाख ९५ हजारांवर नेली.

१ जानेवारी २००० ला जग बुडालं नाही. लोक म्हणाले, उगाच घाबरवलं. पण आपल्या कंपन्यांच्या हातात त्याहून मोठी गोष्ट पडली होती. दोन वर्षं त्या बँकांचा आणि विमा कंपन्यांचा कोड वाचल्यामुळे, त्यांचा धंदा आतून कसा चालतो हे या मुलांना कळलं होतं. तारखांचं काम संपलं, पण सिस्टिम सांभाळायचं काम मिळालं.

हिंजवडी मोठी झाली ती यानंतर. शेतं होती तिथे काचेच्या इमारती आल्या. "मुलगा आयटीत आहे" हे लग्नाच्या बायोडाटातलं सगळ्यात जड वाक्य झालं.

बेंच, व्हिसा आणि सत्यमची सकाळ

पण मधेच एक खड्डा होता. मार्च २००० मध्ये नॅसडॅक ५,००० च्या वर गेला होता, ऑक्टोबर २००२ पर्यंत तो १,२०० च्याही खाली आला. डॉटकॉमचा फुगा फुटला. व्हिसावर गेलेल्या आपल्या लोकांचं काय झालं असेल? नोकरी गेली की तिथे राहण्याचा आधारच गेला. आज नोकरी गेल्यावर जी ६० दिवसांपर्यंतची मुदत मिळते, ती नियमात आली २०१७ मध्ये. इकडे कॅम्पसमधून निवडलेल्या मुलांच्या जॉइनिंगच्या तारखा पुढे पुढे ढकलल्या जात होत्या. आज तुमच्यापैकी कोणी ऑफर लेटर हातात धरून आठ-दहा महिने थांबलं असेल, तर २००१ ची बॅच तुमची सख्खी थोरली भावंडं आहेत.

मग उलटंच घडलं. पैसे वाचवायचे म्हणून अमेरिकन कंपन्यांनी आणखी काम भारतात पाठवलं. तिकडच्या मंदीने इकडची भरती वाढवली. २००४ मध्ये टीसीएस शेअर बाजारात आली, तेव्हा आयटी म्हणजे सरकारी नोकरीसारखीच पक्की, असं घराघरात मानलं जायला लागलं होतं.

७ जानेवारी २००९. सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की कंपनीच्या खात्यात हजारो कोटींचा खोटा आकडा आहे. हजारो कर्मचारी सकाळी ऑफिसला गेले आणि त्यांना कळलं की पुढचा पगार होईल की नाही, हेच माहीत नाही. सरकारने नवं संचालक मंडळ नेमलं आणि एप्रिलमध्ये टेक महिंद्राने, म्हणजे पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीने, सत्यम घेतली.

हजारो कोटींचा घोटाळा झालेली कंपनी कोणी विकत का घेतं? कारण तिच्या क्लायंटच्या सिस्टिम रोज चालू होत्या आणि त्या चालवणारी माणसं आत बसलेली होती. त्या दिवशी किंमत शिल्लक होती ती याचीच. बॅलन्स शीट खोटी निघाली, काम खरं होतं.

स्थिर आहे, पण समाधान?

आता एक प्रामाणिक मुद्दा. स्थिर आणि समाधान देणारी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचा पगार वर्षाला तीन-चार लाखांच्या आसपास वर्षानुवर्षं घुटमळला. त्या काळात हिंजवडीतलं भाडं कुठल्या कुठे गेलं, ते तुम्हीच मला सांगाल. इंजिनिअर भरपूर तयार झाले, आणि जिथे माणसं डोकी मोजून विकली जातात तिथे नवीन डोक्याचा भाव वाढत नाही.

ज्यांनी वेगळी वाट धरली त्यातली दोन उदाहरणं पुण्यातलीच आहेत. दोन्ही १९९० मधली. आनंद देशपांडे यांची पर्सिस्टंट: डेटाबेसचा पक्का अभ्यास, आणि सुरुवातीपासून सॉफ्टवेअर प्रॉडक्ट बनवणाऱ्यांसाठी काम. दुसरी केपीआयटी: रवी पंडित आणि किशोर पाटील, दोघेही चार्टर्ड अकाउंटंट. ही कंपनी पुढे गाड्यांच्या सॉफ्टवेअरकडे वळली. पुण्याच्या आजूबाजूला पिंपरी-चिंचवड-चाकण असताना यात एक तर्क आहे. गाडी समजणारा आणि कोडही समजणारा माणूस सहज मिळत नाही. दोन्ही ठिकाणी डोकी मोजण्यापेक्षा एका विषयातली खोली विकली गेली.

आणि आता एआय

२०२१-२२ मध्ये एकेका मुलाच्या हातात तीन-तीन ऑफर होत्या. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीचं नाव आपल्याकडे पक्क्या नोकरीला समानार्थी शब्दासारखं वापरलं जायचं, तिथे हे झालं म्हणून घरोघरी धसका बसला.

कोड आपोआप लिहिण्याची धडपड मात्र नवी नाही. १९८१ मध्ये टाटांनी पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था काढली, तिथे कोड तयार करणाऱ्या टूल्सवर वर्षानुवर्षं काम झालं. कोबोल भाषासुद्धा १९५९ पासून आकाराला आली ती इंग्रजीसारखी वाचता यावी म्हणून. प्रत्येक टप्प्यावर टायपिंगचा भाग मशीनने घेतला, आणि काय हवंय व काय बिघडलंय हे समजण्याचा भाग माणसाकडे राहिला.

एप्रिल २०२० आठवा. कोविडमध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत बेकारभत्त्यासाठी अर्जांचा पूर आला आणि जुन्या मेनफ्रेमवरची यंत्रणा कोलमडायला लागली. तिथल्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषदेत चक्क कोबोल जाणणाऱ्यांची मदत मागितली. ज्या भाषेला सगळ्यांनी तीस वर्षांपूर्वी श्रद्धांजली वाहिली होती, तीच!

पण इथे थांबून "घाबरू नका, सगळं ठीक होईल" असं मी म्हणणार नाही. इतिहासातला एक भाग या वेळी खरंच वेगळा असू शकतो. वायटूकेची मुलं शिकली कुठे? साध्या, कंटाळवाण्या कामात. तारीख शोधा, बदला, टेस्ट करा. ते करता करता त्यांना बँक कळली. आज नेमकं तेच पहिल्या पायरीचं काम एआय उचलायला लागलंय. पायरीच गेली तर फ्रेशरने चढायचं कुठून? माझ्या मते खरी काळजी ही आहे, आणि ती फक्त मुलांवर ढकलणं बरोबर नाही. कंपन्यांनी आज शिकाऊ माणूस घेतला नाही, तर दहा वर्षांनी अनुभवी माणूस येणार कुठून?

मग आपण काय बघायचं?

या सगळ्या इतिहासातून मी स्वतःपुरते तीन प्रश्न काढलेत. मुलाखतीला जाताना, स्विच करताना मी ते विचारते. तुम्हीही विचारून बघा.

पहिला: ही सिस्टिम उद्या सकाळी बंद पडली तर कोणाचं काम अडेल? तिकीट, पगार, औषध, वीज, बँक, असं ठोस उत्तर आलं तर पाया बरा आहे. "कोणाचंच नाही, पण प्रेझेंटेशन छान दिसतं" असं असेल तर सावध.

दुसरा: मी इथे फक्त टूल शिकतेय, की धंदा पण समजतेय? फ्रेमवर्क तीन वर्षांत बदलेल. कर्जाचा हप्ता कसा चुकतो, गाडीचा ब्रेक सेन्सरशी कसा बोलतो, हे ज्ञान जास्त टिकतं.

तिसरा: कंपनीला पैसे कोण देतं? एकच क्लायंट? एकच देश? एकाच व्हिसाच्या नियमावर सगळं उभं? १९७८ ला आयबीएमच्या आणि २००१ ला व्हिसावरच्या माणसांची चूक काहीच नव्हती. त्यांच्या पायाखालचा खांब एकच होता.

आणि हो, जोडीला सहा महिन्यांचा खर्च बाजूला. ईएमआयवर मोठा फ्लॅट घेण्याआधी. हा सल्ला कुठल्या आर्काइव्हमधला नाही, पण या गोष्टीतल्या प्रत्येक पिढीला तो उपयोगी पडला असता.

घरी काका पुन्हा म्हणाले की "आयटीत आता काही राहिलं नाही", तर त्यांना दांडेकर समितीची गोष्ट सांगा. निदान जेवण होईपर्यंत तरी वेगळा विषय निघेल.

तुमच्या घरात, नात्यात सत्तर-ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटरवर काम केलेलं कोणी असेल, पंचकार्ड हाताळलेलं, बँकेत पहिलं मशीन बघितलेलं, तर त्यांच्याशी बोला आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांच्या बऱ्याच गोष्टी अजून कुठेच लिहिल्या गेलेल्या नाहीत. परवानगी असेल तर आम्हालाही पाठवा, एखादा भाग त्यांच्याच आवाजात करू.

पुढच्या भागात वसंतदादा आणि इंजिनिअरिंग कॉलेजांची गोष्ट, शब्द दिलाय तसा. तोपर्यंत काळजी घ्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी प्रोडक्शनवर काहीही टाकू नका. भेटूच!